तात्यांचं फावडं

बारक्या सकाळी उठल्यापासून फावडं घासत होता, आणि घासता घासता जळत होता. वय सदुसष्ट, घरात नातवंडं, तरी गावाला तो बारक्याच. का? तर त्याचा बाप, तात्या, अजून धडधाकट. नव्वदी ओलांडली, पण पाटाच्या पाण्यावरचं घराचं मत काही सोडत नाही म्हातारा.

या पाटावर मत द्यायची रीत अशी, की घराला एक मत. ज्याचं मत, त्यानं घरचं फावडं घेऊन यायचं. होकार असेल तर बांधावर उभं रोवायचं, नकार असेल तर आडवं टाकायचं. सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं फावडं शेवटी, हा मान. म्हणजे तात्यांचा! दांडा झिजला बारक्याच्या हातानं, उन्हातान्हात पिकाला पाण्याची दारं धरली बारक्यानं, सभेला फावडं वाहून नेणार बारक्या, आणि रोवणार कोण? तात्या!

परवा तर कहरच झाला. पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी घरी आला, सरळ तात्यांपुढं मांडी घालून बसला. "तात्या, या साली पाळी कशी लावू?" आणि मागं वळून म्हणतो, "बारक्या, जरा पाणी आण रे." बारक्यानं तांब्या असा आदळला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"ठार बहिरा माणूस," तो बायकोजवळ धुसफुसला. "काय विचारलंय ते ऐकू येत नाही, पण उत्तर झेलायला अख्खं गाव उभं! आणि मी काय नुसतं गवत उपटायला जन्मलोय?"

"अहो, बाप आहे तो. बापावर कुणी जळतं का?"

"शेजाऱ्यावर जळलो असतो तर परवडलं असतं. तो निदान दुसऱ्या घरात तरी राहतो."

त्याच संध्याकाळी बारक्यानं गुपचूप चष्मेवाल्याला गाठलं. चष्मेवाला म्हणजे खालच्या मळ्यातला तरणा शेतकरी, जिभेला हाड नसलेला. "ऐंशीच्या पुढच्यांचं मत काढा म्हणावं सभेत," बारक्यानं त्याच्या कानात सोडलं. "मत पोराकडं द्या म्हणावं. पण माझं नाव कुठं घ्यायचं नाही, सांगून ठेवतो."

आणि आज फावडं घासून झाल्यावर तो तात्यांच्या कानाशी ओरडला, "आज गाळ काढायचा विषय आहे! उभं रोवायचं, बरं का!"

तात्यांनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाले.

बांधावर माणसं जमली. ऊन मी म्हणत होतं, पाटाच्या तळाला चिखल वाळून भेगाळला होता. चष्मेवाला उठला. "तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. आपल्यात सगळं उलटं. शेतात पाय टाकत नाहीत ते पाणी वाटणार, आणि आम्ही राबणारे बघत बसणार! ऐंशीच्या पुढच्यांचं मत काढा, पोराकडं द्या!"

शेळ्या पाळणारी म्हातारी तिथंच कडाडली. "पाय थकले म्हणून तहान थकते होय रे? मीही याच पाटाचं पाणी पिते. पाणी आटलं तर माझी शेळी काय तुझ्या चष्म्यावर जगेल?"

माणसं हसली. चष्मेवाल्याला मिरच्या झोंबल्या. "बरं, मग ऐंशीच तरी का? पासष्ट करा! जो प्रत्यक्ष शेत कसतो त्याचं मत. ट्रॅक्टर ज्याच्या हातात, फावडं त्याच्या हातात!"

तरण्या पोरांनी आरोळी ठोकली. त्यात सगळ्यात मोठा आवाज बारक्याच्या थोरल्या पोराचा. मोटारसायकलवर बसून पठ्ठ्या टाळ्या पिटत होता. घरचा ट्रॅक्टर दोन वर्षांपासून तोच चालवतो ना!

बारक्याच्या पायाखालची वाळू सरकली. सदुसष्ट वर्षं वाट बघायची, आणि घास तोंडाशी आला तर पोरानं पळवायचा? ओरडावं तर ज्याचं मत नाही त्याला सभेत तोंड नाही. खाजवून खरूज काढली होती, आता खाजवत बस म्हणावं.

पासष्टच्या ठरावावर फावडी पडू लागली. काही उभी, काही आडवी. पाटकऱ्यानं मोजली आणि डोकं खाजवलं. "निम्मी निम्मी. राहिलं तात्यांचं."

तात्यांनी हात पुढं केला. बारक्याची बोटं काही दांड्यावरून सुटेनात. आडवं टाका, तात्या, आडवं, असं तो पुटपुटला, पण बहिऱ्यापुढं पुटपुटून काय होतंय? म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं, हिसका देऊन फावडं घेतलं, उचललं, आणि धाडकन आडवं टाकलं.

ठराव पडला. शेळीवाली खो-खो हसली. चष्मेवाला पाय आपटत गेला.

घरी जाताना तात्या पुढं, फावडं खांद्यावर घेऊन बारक्या मागं. शेवटी त्याला राहवेना. पुढं होऊन कानाशी ओरडला, "सकाळी मी उभं म्हणालो होतो!"

"म्हणाला होतास. पण लहानपणी गूळ चोरून खाऊन यायचास ना, तसलं तोंड होतं तुझं. आणि मघाशी तोंड कसं, तर गूळ दुसऱ्यानंच खाल्ल्यासारखं. मला काही ऐकू आलं नाही. म्हटलं, पोरगं रडायला आलंय, टाकू आडवं."

बारक्याला वाचलो म्हणून हायसं वाटलं, आणि म्हाताऱ्यानं वाचवलं म्हणून अंगाचा तिळपापड झाला. यातही तोच जिंकला! "मग माझा नंबर कधी?" तो ओरडला.

"मी गेल्यावर. घाई आहे का?"

मागून मोटारसायकल हळूहळू येत होती. बारक्यानं वळून बघितलं. थोरला रस्त्याकडं बघतच नव्हता. त्याचे डोळे बापाच्या खांद्यावरच्या दांड्यावर खिळले होते. तसे डोळे बारक्याच्या चांगल्या ओळखीचे होते.

त्यानं फावडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.