एलिहियोचं छप्पर

वादळांच्या त्या मोसमात एलिहियोने आपल्या घराचं छप्पर तीनदा उतरवलं. वादळाआधी पत्रे काढून अंगणात आडवे ठेवायचे, ही गावातली जुनीच रीत. उडालेल्या पत्र्याच्या जागी नवा मिळायला वर्ष जातं, आणि मिळतो तोही ज्याचा वशिला त्यालाच. पण बाकीचे लोक वादळ उंबऱ्यापाशी येईपर्यंत थांबत. एलिहियोला तेवढा दम कुठला! रेडिओवर वादळाचं नाव ऐकलं की हा शिडी लावून मोकळा.

सप्टेंबरात एदिता आलं आणि ऐनवेळी फ्लोरिडाकडे वळलं. वारा तिकडे गेला, पाऊस मात्र इथे तीन दिवस पडला, बिनछपराच्या घरात. गाद्या कुजल्या. पंधरा दिवसांनी ग्रेताची बातमी आली. एलिहियोने पुन्हा पत्रे उतरवले आणि ग्रेता मेक्सिकोला गेलं. या खेपेला तांदूळ भिजले, आणि त्याच्या बायकोचं, झोराइदाचं, डोकंही फिरलं.

"वादळाने नासधूस केली असती तर वादळाला शिव्या घातल्या असत्या," ती ओले तांदूळ पसरत म्हणाली. "आता कुणाला घालू?"

"मला घाल."

"तुला घालून घालून जीभ झिजली माझी. ऐक म्हाताऱ्या. या मोसमात छप्पर गेलं, तर मी कामाग्वेला बहिणीकडे चालले. पुन्हा पहिल्यापासून घर उभं करायचं त्राण नाही माझ्यात."

"तिथं काय वादळं येत नाहीत?"

"येतात. पण तिथं शिडी घेऊन तू नसतोस."

एलिहियो हसला, पण मनातून चरकला. चाळीस वर्षांच्या संसारात झोराइदा बोलली आणि तिने केलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. ती गेली तर या घरात आपण काय करणार, हे त्याला सुचेना. त्याने एवढंच ठरवलं की छप्पर जाऊ द्यायचं नाही.

ऑक्टोबरात लुसियो निघालं, आणि ते कुठेही वळायचं नाव घेईना. एलिहियोने सगळेच्या सगळे बावीस पत्रे उतरवले. तेवढ्याने समाधान होईना म्हणून वासेही काढले, मोळी बांधून पत्र्यांवर ठेवले आणि वर मातीची पोती रचली. झोराइदाने गादी गुंडाळली आणि ती शेजारच्या तोमासाकडे निघाली. आळीत स्लॅबचं घर तेवढं एकच, त्यामुळे वादळात सगळी आळी तिथेच.

तोमासा दारातच उभी होती. "एलिहियो, भिंतीही काढून ठेव की. वादळाला उगाच तसदी कशाला?"

सकाळी सहाला वारा सुटला तो पाच तास थांबला नाही. खोलीत पंधरा माणसं, दोन डुकरं आणि कॉफीचं एक पातेलं. एलिहियो सारखा कानोसा घेत होता. पत्र्याचा आवाज आला नाही, तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

अकराला दार उघडलं. एलिहियो सगळ्यांच्या पुढे धावला. पोती जागच्या जागी होती. त्याने पत्रे मोजले. बावीस. वाशांची मोळीही तशीच होती. मग त्याने मान वर केली.

घर नव्हतं. ताडाच्या फळ्यांच्या चारही भिंती जमिनीवर निजल्या होत्या, आणि चूल उघड्यावर होती.

"वाशांनीच भिंती बांधून ठेवल्या होत्या रे," तोमासा मागून म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "पत्रे काढले ते ठीक. वासे कशाला काढलेस?"

झोराइदा येऊन एलिहियोच्या शेजारी उभी राहिली. तिने आडव्या भिंतींकडे पाहिलं, पत्र्यांकडे पाहिलं.

"छप्पर राहिलं," ती म्हणाली.

"राहिलं. पण शब्दात अडकवून ठेवणार नाही मी तुला. माझ्याच हाताने घर पाडलं. तू जा कामाग्वेला."

"बस सुरू व्हायला आठवडा लागेल. तोवर तोमासाच्या डुकरांबरोबर झोपू? ते टोक धर."

त्यांनी दोन-दोन पत्रे एकमेकांवर टेकवत नेले, वासे आतून लावले आणि कडेला माती ओढली. दुपारपर्यंत जमिनीवरच एक बसकं छप्पर उभं राहिलं. तंबाखूच्या मळ्यांत जुने लोक वादळात आसऱ्याला असंच काहीतरी करायचे. आत वाकूनच जावं लागत होतं. झोराइदाने गादी सरकवली, तिच्यावर बसली आणि पत्र्याला हात लावून पाहिला. नुसता हात वर केला की लागत होता.

"आता पुढच्या मोसमात काय उतरवशील?" तिने विचारलं. "शिडीसुद्धा लागायची नाही तुला."

पुढच्या मोसमात, असं ती म्हणाली होती. एलिहियोने ते नीट ऐकलं आणि रडू आवरायला तो माती ओढायच्या निमित्ताने बाहेर गेला.