टायगर, स्वीटी आणि मी

मी एक जुनी साखळी आहे आणि मित्रांनो, बोलायला जरा खरखरीत आहे. बुलडाण्याच्या बाजारात मी बैलासाठी विकायला ठेवलेली होते. देऊळघाटच्या अर्जुनरावांनी मला घेतलं आणि घरी नेऊन अडकवलं ते एका कुत्र्याच्या गळ्यात.

त्या कुत्र्याचं नाव टायगर. रॉटविलर जातीचा, काळाकुट्ट, रुंद तोंडाचा. तो पिल्लू होता तेव्हाच गावाने ठरवून टाकलं की ही जात माणसं फाडते. अर्जुनरावांनाही ते ऐकायला बरं वाटायचं. त्यांनी त्याला कडुलिंबाखाली बांधलं ते कायमचंच. मी जिथवर पोचायचे तिथवर त्याची दुनिया. गोल फिरून फिरून त्याने मातीत चाकोरी पाडली. कोंबड्या त्याच्या ताटलीत चोच घालायच्या आणि हा बाजूला सरकून उभा राहायचा. मी हे रोज पाहायचे, पण साखळीला कोण विचारतो?

घरात दुसरी होती स्वीटी. पांढरीशुभ्र, केसाळ, एवढीशी पामेरियन. ती मोकळी. पाहुणे आले की एक खेळ चालायचा. ती जेवत असताना तिची वाटी ओढायची आणि ती गुरगुरली की सगळ्यांनी हसायचं. बिचारी सांगत होती की मला छळू नका. ती दात दाखवायची तेव्हा तर आणखीच हशा पिकायचा. मला त्या खेळाची भारी चीड यायची.

यंदा शेतात कापूस वेचायला पुष्पाबाई येत होत्या. एका दुपारी त्या ओसरीवर पाणी प्यायला आल्या आणि त्यांचा पाय स्वीटीच्या वाटीला लागला. किंकाळी ऐकून सगळे धावले. पुष्पाबाईंच्या पोटरीतून रक्त येत होतं आणि झाडाखाली टायगर भुंकत होता. झालं! शेजाऱ्याने बाईंना मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. कोणतं कुत्रं चावलं, हे त्यांना कोणी विचारलंच नाही. मी ओसरीपर्यंत पोचत नाही, हेही कोणी पाहिलं नाही. अर्जुनरावांच्या बायकोने, अन्नपूर्णाबाईंनी, तर घाबरून स्वीटीलाच उचलून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी जीप काढली. टायगरला घाटात सोडून यायचं ठरलं. बांधून वाढलेला कुत्रा तिथे काय जगणार? मला झाडापासून सोडवलं तेव्हा तो शेपूट हलवत होता. आपल्याला फिरायला नेतायत असंच त्याला वाटलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

तेवढ्यात पुष्पाबाई पायाला पट्टी बांधून लंगडत आल्या.

"भाऊ, याले कुठी नेऊन राह्यले?"

"घाटात सोडतो. तुम्हाले चावला ना हा."

"हा काऊन चावंन मले? मले तं तुमची स्वीटी चावली."

अर्जुनरावांनी वळून ओसरीकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाल्या, "एवढीशी तं हाये ते."

"एवढीशीच हाये, वहिनी. तिची वाटी ओढू ओढू तुम्हीच तिले चावरी केली. मी पाह्यलं हाये."

अर्जुनरावांनी किल्ली खिशात घातली आणि वाकून मला टायगरच्या गळ्यातून काढलं. वाटीचा खेळ त्या दिवशी बंद झाला. आता स्वीटी निवांत जेवते, गुरगुरणंही कमी झालंय.

पण टायगर? मी मातीत पडले होते, तो मोकळा होता, आणि तरी तो आपल्या चाकोरीत जाऊन बसला. अर्जुनरावांनी हाक मारली तर कडेपर्यंत आला आणि मी जिथे ओढायचे नेमका तिथेच थांबला. त्यांची मान खाली गेली. मग पुष्पाबाई चाकोरीबाहेर खाली बसल्या. "ये ना बे," म्हणाल्या. त्याने एक पाय बाहेर टाकला, वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मग दुसरा टाकला.

आता मी गोठ्यात खुंटीवर गंजत आहे. गंजू द्या. तुमच्या दारी कुत्रा असेल तर त्याची जात सांगण्याआधी आपण त्याला कसं वाढवलं ते आठवा. तो गुरगुरला तर हसू नका, दूर व्हा. आणि कृपा करून मला मागायला येऊ नका.