उसवण

"हे खोकं आज संपवायचं हं, बाई," गोदामाचा साहेब म्हणाला. "सोमवारी नवा माल येतोय."

खोक्यात लहान मुलांचे कोट होते, कोरे करकरीत. हंगाम सरला, खपले नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा. तिने पहिला कोट टेबलावर पसरला, पाठीवर कात्री चालवली, दोन्ही बाह्या आडव्या चिरल्या आणि पोत्यात टाकला. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या गोदामात तिचं हेच काम होतं. न खपलेला कपडा कुणाच्या अंगावर चढता कामा नये, असा कापायचा.

कामाला लागली तेव्हा तिने एकदा विचारलं होतं, "वाटून टाकले तर?"

"फुकटात मिळू लागलं तर विकत कोण घेईल?" साहेब हसला होता. पुन्हा तिने विचारलं नाही. नवरा गेल्यापासून ती कुणालाच काही विचारत नसे. शेजारच्या टेबलावरची घड्या घालणारी बाई म्हणायची, "कात्रीबाई, तुमच्या जिभेवरच आधी फिरवलीत वाटतं!" ती नुसती "हं" करायची.

खोकं संपवून त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आतल्या खोलीत शिलाईचं मशीन चालू होतं. बाळंतपणाला आलेली लेक मशीनवर वाकली होती, बाळ झोपलं होतं आणि पलंगावर तिच्या गेलेल्या नवऱ्याचा निळा शर्ट पडला होता. पाठ नसलेला.

ती दारातच थबकली.

"तू कापलास?"

"मीच." लेकीने पाय थांबवला. "एका शर्टाला कसर लागली होती, आई. आणखी ठेवले असते तर सगळ्यांची चाळण झाली असती. आणि दुकानातले ते झगे हिला बोचतात. बाबांचे शर्ट धुऊन धुऊन कसे लोण्यासारखे झालेत."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस? 'हं'. बाबा गेले तेव्हाही 'हं'. ही झाली तेव्हाही 'हं'." लेकीचा आवाज चिरकला. "भांड ना गं माझ्याशी. रड तरी."

तिने स्वतःच्या आत डोकावून पाहिलं. राग नव्हता. रडूही नव्हतं. दिवसभर पाण्यात राहिलेल्या बोटांसारखं सगळं बधिर होतं. तिने उरलेला शर्ट उचलला. पाठ कापलेली होती, पण कशी! शिवणीच्या कडेकडेने, एक धागाही वाया न घालवता. कॉलर उसवून बाजूला ठेवली होती.

"बाह्यांचं काय करणार?" तिने विचारलं.

लेक तिच्याकडे बघतच राहिली. "टोपडं होईल."

"आडवं कापड घे. ताणलं जातं." एवढं बोलून ती हातपाय धुवायला गेली.

सोमवारी साहेबाने पुन्हा कोटांचं खोकं पुढे सरकवलं. ती उभीच राहिली.

"लहान मुलांचे मी नाही कापणार."

"म्हणजे? तुम्ही नाही तर दुसरं कोणी कापेल. कोट काही वाचणार नाहीत."

"कापू दे."

साहेबाने खांदे उडवले आणि तिला इस्त्रीच्या टेबलावर बसवलं. खोकं घड्या घालणाऱ्या बाईकडे गेलं. थोड्या वेळाने शेजारून कात्रीचा आवाज येऊ लागला. तिने मान वर केली नाही. इस्त्री फिरवत राहिली.

झगा त्याच आठवड्यात पुरा झाला. लेकीने बाळाला तो घातला आणि तिच्या मांडीवर दिलं. पुढचा भाग शर्टाच्या छातीचा होता. खिसा तसाच राहिला होता, बाळाच्या अख्ख्या पोटावर पसरलेला, आणि खिशाच्या कोपऱ्यात पेनाच्या शाईचा जुना डाग.

"खूप घासला, गेलाच नाही," लेक म्हणाली. "वर एखादं फूल भरते."

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

तिने त्या खिशावर तळहात ठेवला. खाली इवलंसं पोट वर येत होतं, खाली जात होतं. लेक दिवा लावून गेली, स्वयंपाकघरात भांडी वाजली, तरी तिने हात काढला नाही.