त्रेपन्न किलोचा आठवडा

एकाच आठवड्यात सगळी कामं यायची, ही आमच्या घराची खोडच हाय. मालक फौजेत, लांब सरहद्दीवर, म्हंजे इथला कारभार माझ्या गळ्यात. सोमवारी ऊसतोडीची टोळी रानात उतरली. बुधवारी पहाटे म्हैस व्याली. आणि शुक्रवारी सांगलीत अंकिताची जिल्हा निवड. माझी लेक कुस्ती खेळती. आष्ट्याच्या आसपास तिच्याएवढी चपळ पोरगी दुसरी न्हाई. आई म्हणून बोलत न्हाई, डोळ्यांनी बघितलंय म्हणून बोलते.

पर गेल्या वर्षी पंचावन्न किलोच्या गटात तासगावकडच्या सृष्टीनं तिला चीत केलं. खांदा असा सुजला, की वेणी घालायला पोरीचा हात वर जाईना. तवाच मी ठरवलं, औंदा हिला त्रेपन्नात उतरवायची. सृष्टी पंचावन्नातच खेळणार, गाठच पडायची न्हाई. वस्ताद हंबीरराव म्हणाले, वजन उतरवायला लागंल, जमंल का? मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. मी एक गोष्ट हातात घेतली की तडीला नेल्याशिवाय बसत न्हाई.

घरात फर्मान काढलं. नाचणीची भाकरी, मूग, काकडी. दूध-तूप बंद. मामंजी, म्हंजे माझे सासरे नाथाजी, एके काळी फौजेच्या आखाड्यात कुस्ती खेळलेले. त्यांनी साहेबाचा हुकूम ऐकल्यागत मान हलवली. सासूबाई तेवढ्या कुरकुरल्या, पोरीचं तोंड बघ केवढंसं झालंय. मी म्हटलं, आत्याबाई, तोंड मागनं बघू, आधी काटा बघू. बुधवारी डेअरीच्या काट्यावर पोरगी उभी केली तर त्रेपन्नाच्या जरासंच वर. मी निर्धास्त झाले. टोळीचं बघायचं, ट्रॉली भरून घ्यायची, रेडकू सांभाळायचं, कामाला काय तोटा हुता?

शुक्रवारी सांगलीत काट्यावर चढली आणि आकडा चोपन्नाच्या पुढं.

मी घरच्यांकडं वळले. मामंजी बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी बांधलेलीच हुती. मग एकेक बाहेर निघालं. मामंजी रोज पहाटे तालमीतनं आलेल्या नातीला बदाम घोटलेलं दूध पाजत हुते. पैलवानाला खुराक न देता तसंच सोडायचं त्यांच्या जिवाला पटंना. आत्याबाई भाकरीच्या खाली तुपाचा गोळा दडवत हुत्या. दोघंबी वर सांगायची, आईला कळू देऊ नको.

मी तोंड सोडलं. घरात वैरी पाळलेत म्हटलं, आणखी काय काय म्हटलं ते लिहायजोगं न्हाई. तवा अंकिता हळूच म्हणाली, "आई, खरवस."

बुधवारी सांजच्याला पहिल्या चिकाचा खरवस केला हुता. व्यालेल्या म्हशीचा पहिला खरवस घरातल्या सगळ्यांच्या तोंडाला लागायलाच पायजे, अशी आमच्यात रीत. पोरगी चुलीपाशी काकडी चावत बसलेली. कुठल्या आईला बघवंल? एक वडी दिली. मग आणखी दोन. आणि मीच बजावलं, आज्जीला सांगू नको, त्या लाडावून ठेवतील.

हंबीरराव म्हणाले, आता दोनच वाटा. नाव मागं घ्या, न्हाईतर पंचावन्नात उतरवा. पंचावन्नात सृष्टी हाय. मी क्षणाचाबी विचार केला न्हाई. मामंजींना म्हटलं, गाडी काढा, पुढच्या वर्षी बघू.

अंकिता जागची हलली न्हाई. माझ्या डोळ्यात बघून म्हणाली, "सृष्टीला तू भितीस आई. मी न्हाई भीत. त्रेपन्न तू ठरवलंस, मला कवा विचारलंस?"

टोळीचा मुकादम मला दबकतो, डेअरीवाला दबकतो, आणि ही सोळा वर्षांची माझं भ्या चारचौघांत बोलून मोकळी झाली. रागबी आला आणि खोटं बोलली न्हाई हेबी कळलं. मी हंबीररावांना म्हटलं, "लिहा पंचावन्न."

सृष्टीनं सुरुवातीलाच पट काढून, म्हंजे पाय ओढून, तिला खाली घेतलं. गुण गेले. दुसऱ्या फेरीत सृष्टी तोच डाव टाकायला गेली, तर अंकिता खाली बसलीच न्हाई. पाय रोवून उभी ऱ्हायली, बगलेतनं सुटली आणि पाठीवर गेली. गुण बरोबरीत आले, मग माझी पोरगी एकानं पुढं. आता शेवटचा थोडा वेळ टिकायचं हुतं. सृष्टीनं तिचा तोच खांदा धरला आणि पिळला. मी डोळे मिटून घेतले.

आत्याबाईंनी माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला. "उघड डोळं. लेक लढतीया आणि तू काय झोपतीस?"

मी डोळे उघडले. पोरीचं तोंड लालबुंद झालेलं, दात दाबून धरलेले, पर खांदा जमिनीला टेकू दिला न्हाई. शिट्टी झाली. पंचानं तिचा हात वर केला. त्याच खांद्याचा हात, पार डोक्याच्या वर.

तिनं आधी सृष्टीला मिठी मारली, मग गर्दीत मला हुडकायला लागली. मी खुर्चीवर चढून उभी ऱ्हायले, तिला दिसावं म्हणून. रडत हुते, पर आता नजर हलवली न्हाई.