हरसूलपर्यंत पोचलेली तार

मी एक जुनी तार आहे. जुनी म्हणजे अवघी सहा वर्षांची. पण मित्रांनो, जन्मापासून बिनकामाचं पडून राहिलं की सहा वर्षांतही म्हातारपण येतं. माझ्या पोटात केसाएवढी काच आहे. तिच्यातून प्रकाश धावला की इंटरनेट घरोघर पोचतं. माझ्यातून तो एकदाही धावला नाही.

कंपनीने मला नाशिकहून हरसूलपर्यंत रस्त्याच्या कडेने पुरलं. शेवटचा तुकडा हरसूलच्या बहिरूच्या दुकानात जायचा होता; तिथे तो लोकांना ऑनलाईन फॉर्म भरून देणार होता. त्याने स्वतःच्या बांधावरून चर फुकट खणून दिला, माझ्या टोकाला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. तिथेच त्याचं चुकलं. नारळ फुटला म्हणजे काम सुरू झालं, असं बाजाराला आलेल्या लोकांनी धरलं आणि फॉर्म भरायला कागद आणून दिले. त्यांच्यातल्या काळूने लेकीच्या शिष्यवृत्तीचे कागद दिले. चार दिवसांनी तो त्र्यंबकला नेट आहे, तिथे जाऊन भरतो म्हणाला, तर बहिरूनेच त्याला अडवलं.

"कशाला भाडं घालवतो? उद्या लाईन चालू होनार हाय."

कारण कंपनीचे मयुरेशसाहेब फोनवर रोज "उद्या नक्की" म्हणत. उद्याला काय तोटा!

माझं दुसरं टोक नाशिकला, म्हणून तिकडचंही मला कळतं. माझ्यात प्रकाश सोडायला घेतलेलं यंत्र नाशिक रोडला गेलं. तिथे एकाच गल्लीत चार कंपन्या गिऱ्हाइकासाठी भांडत होत्या. आमची पाचवी घुसली आणि सगळा पैसा तिकडेच ओतला. स्पर्धा म्हणे गिऱ्हाइकाच्या भल्याची असते. आमच्या डोंगरात गिऱ्हाईक थोडं, म्हणून भलंही नाही.

फॉर्मची मुदत संपली. काळूने कागद परत घेतले.

"कंपनीचं सोड. तू आपला मानूस ना? तूच मला अडवलं," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या बाजारापासून बहिरूच्या दुकानाची पायरी कोणी चढलं नाही. मला तेव्हा जमिनीतच तुटून जावंसं वाटलं.

परवा बहिरूची बायको झुंबर शेजारणीला सांगत होती, "ते नाशिक रोडला हायत. तारेचे चर खंदतात. तिथं आता सहावी तार टाकतात म्हनं." काळूच्या लेकीची शाळा त्याच वर्षी सुटली; ती द्राक्षबागेत मजुरीला जाते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं आता काय बिघडायचं राहिलंय? पण देणार नसाल तर कोणाच्या दारात नुसतं टोक आणून ठेवू नका. सरळ 'नाही' म्हणा. 'नाही' ऐकलं असतं, तर काळू त्याच दिवशी त्र्यंबकच्या गाडीत बसला असता.