इत्तोमावशीची हनुवटी

आमच्या ॲटलसच्या डोंगरात येणाऱ्या परक्यांना डोंगर कमी आणि इत्तोमावशीची हनुवटीच जास्त हवी असायची. खालच्या ओठापासून उतरलेली हिरवी रेघ, दोन्ही बाजूंना ठिपके. लग्नाआधी आईने गोंदलेलं. कॅमेरा दिसला की मावशी ओढणीचं टोक ओठांत धरायची आणि उरलेल्या तोंडाने शिव्या द्यायची.

गोंदणं पाप आहे, असं मशिदीतल्या फकीहनी सांगितल्यापासून तर मोबाइललाही ती तोंड दाखवेना. "हे माझ्याबरोबर मातीत जाईल, तुदा. फोटोत उरलं तर माझ्यामागे पाप मोकळं हिंडेल."

माझ्याकडे उतरलेली मारित ही नॉर्वेची बाई मात्र कॅमेरा पिशवीत ठेवून मावशीशेजारी लोकर विंचरत बसायची.

"हिचा कॅमेरा मोडलाय का गं?"

"विचारल्याशिवाय काढत नाही ती, मावशी."

"मग विचारत का नाही? मी चावते काय?"

मावशी फोटोला तयार झाली त्याचं खरं कारण बास्सू. मावशीचा एकुलता एक. स्पेनमध्ये कागदपत्रांविना टोमॅटो खुडायचा. घरी आला असता तर परत जाता आलं नसतं. लहानपणी आईच्या हनुवटीवर अंगठा ठेवल्याशिवाय झोपत नसे. आता दर फोनला एकच: "यम्मा, एक फोटो पाठव. चेहरा विसरायला लागलोय गं तुझा."

मावशी अंगणात बसली. ओढणी ओठांवरून घट्ट. मारित म्हणाली, तुम्हाला हवं तसंच. मी म्हटलं, "मावशी, नवरी दिसतेस." ती खदखदून हसली, ओढणी निसटली, आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं.

मारितने आपणहून तो फोटो तिच्यापुढे धरला. बोळकं हसू, उन्हात हनुवटी. मावशी बघतच राहिली.

"आईने छान गोंदलं होतं," ती म्हणाली. मग ओढणी सावरली. "पुसायला सांग."

मारितने तिच्या डोळ्यांदेखत पुसला. ओढणीतला दुसरा काढला, तो बास्सूला गेला.

थंडीत मावशी गेली. मातीलाही बास्सू पोचला नाही. आला तो नंतर, कायमचा. माझ्या चुलीपाशी फोटो घेऊन बसला.

"डोळे तिचेच आहेत, तुदाताई. पण ती रेघ... वळायची ना?"

"सरळ होती रे."

"मला वळलेलीच आठवतेय." फोटो चुलीच्या उजेडात धरला त्याने. "त्या बाईकडे पुसलेला कुठे उरला नसेल?"

"विचारलं मी. नाही. फोनवर तीच रडायला लागली."

मला राहवेना. चुलीकडचा विझलेला कोळसा उचलला. "दे इकडे. ओढणीवर काढून देते. माझ्या डोळ्यांपुढे आहे अगदी."

त्याने फोटो पुढे केला. कोळसा टेकणार, एवढ्यात त्याने हात मागे घेतला.

"नको, ताई. तिने झाकलंय."

मी कोळसा चुलीत टाकला. चहा ठेवला, साखर घालायची विसरले. बास्सूने फोटोतल्या ओढणीवर अंगठा टेकवला आणि डोळे मिटले. झोप काही येत नव्हती त्याला.