मला उचलल्याशिवाय बैठक संपत नसे

मित्रांनो, या काचेच्या पेटीत माथ्यावर मुकुट घेऊन आडवा पडलेला जुना चांदीचा राजदंड म्हणजे मी. जरा मोठ्यानेच बोलतो. काच जाड आहे.

स्केलबी नावाच्या गावात तिथल्याच एका सोनाराने मला घडवलं. तिथली रीत अशी, की मला टेबलावर ठेवल्याशिवाय नगरपरिषदेची बैठक सुरू व्हायची नाही आणि मला उचलल्याशिवाय कुणी उठायचं नाही. गटारं, दिवे, दफनभूमीतलं वाढलेलं गवत, सगळ्यावरची भांडणं मी ऐकली. लोकांना बसायला वर सज्जा होता. तिथे बहुतेक वेळा विणकाम करणाऱ्या एकच बाई असायच्या. त्याही उबेसाठी.

माझी चोपदार होती बेरिल ओल्डरॉइड. पांढरे हातमोजे घालून बावीस वर्षं तिने मला खांद्यावर वाहिलं. "चल रे जाड्या," म्हणायची.

मग वरून, सरकारकडून ठरलं: आठ गावांच्या परिषदा मोडून एकच मोठी परिषद, आणि साऱ्या प्रांताला लोकांनी थेट निवडलेला एक महापौर.

स्केलबीच्या शेवटच्या बैठकीला सज्जा खचाखच भरला. लोक डोळे पुसत होते. कामकाज आटोपलं, पण बेरिल मला उचलेना.

"बेरिलबाई, उचला आता," नगराध्यक्ष मूरहाऊस हळूच म्हणाले.

"उचलला की गाव संपलं ना, साहेब?"

"गाव कुठे जातंय? परिषद संपतेय."

"मग बसू या की अजून जरा. किटलीत चहा आहे."

चाळीस मिनिटं कुणी उठलं नाही. रीतच होती ना! शेवटी सज्ज्यातून हाक आली, "अगं बेरिल, माझं मटण जळतंय घरी!" सगळे हसले. बेरिलही हसली, आणि हसता हसताच तिने मला उचललं.

आता मी तीस मैलांवर, महापौरांच्या कचेरीच्या दारापाशी आहे. माणूस चांगला आहे, पण त्याचं माझ्यावाचून काही अडत नाही. बेरिल महिन्यातून एकदा यायची, काचेवरचे बोटांचे ठसे पुसायची. "जाड्या, बस मात्र वेळेवर आली हं. नव्या महापौराने तेवढं केलं."

हिवाळ्यापासून ती आलेली नाही. बस अजून वेळेवर येते, अगदी समोर थांबते. मी उतरणारी माणसं पाहत राहतो.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं माझं म्हणणं नाही. तुमच्या गावची बैठक भरत असेल, तर जाऊन बसा. उबेसाठी बसलात तरी चालेल. फक्त शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.